तुमचे प्रश्न : लाखभर उचल घेऊनही घर कोरडंच का?

मागच्या अंकात मी दसऱ्यानंतर बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला कशा निघतात त्यावर थोडं लिहिलं होतं. ट्रॉलीत भांडी, पीठ, शेळी, कोंबड्या, वर लेकरं, आणि गावात मागं राहिलेली म्हातारी माणसं. त्यावर बरीच पत्रं आली, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज पण आले. मी शिरूर कासार तालुक्यात झेडपीच्या शाळेत २६ वर्षं शिकवलं, त्यामुळं हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही. यावेळी चारच प्रश्न घेते, पहिल्याला जास्त जागा देते कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत खूप जणांनी विचारलाय.

प्रश्न : ताई, आमच्या भागात दरवर्षी बीडची टोळी येते. एकेक जोडी लाखभर उचल, म्हणजे कामाआधीच मिळणारे आगाऊ पैसे, घेऊन आलेली असते. वर आमच्याकडून एकरामागं खुशाली (वरची बक्षिशी) घेतात, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकतात, गावाकडं रेशन मिळतंच. आमच्या ओळखीतल्या एका गाडीमालकाचे पैसे घेऊन टोळी रातोरात पळाली, तो माणूस अजून बँकेचे हप्ते फेडतोय. एवढा पैसा हातात येऊनही वीस वर्षांत हे लोक गरीबच कसे? दारूत जातो आणि बचतीची सवय नाही, हेच खरं कारण आहे असं मला वाटतं. चूक असेल तर सांगा.
(एक ऊस उत्पादक शेतकरी, वाळवा तालुका)

दादा, सवयीचं नंतर बोलू, आधी हिशोब मांडू, तुम्ही ऊसवाले आहात म्हणजे टनाचा हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. नवराबायको मिळून एक कोयता. तोडायचं, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन गाडी भरायची, हे सगळं धरून एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन ऊस करतो. जानेवारी २०२४ मध्ये जो करार झाला त्यात ३४ टक्के वाढ मिळाली आणि तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. आपण चांगला दिवस धरू, दोन टनांचा. झाले ७३२ रुपये, दोन माणसांचे, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत आणि गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठून. आता एकही खाडा, म्हणजे बुडालेला दिवस, न होता १३० दिवस काम झालं असं समजा, तरी ९५ हजार १६० रुपये होतात. उचल होती एक लाख. म्हणजे अख्खा सीझन हाडं मोडून काम करून अजून पाच हजार अंगावर बाकी, आणि मधे आठ-पंधरा दिवसाला जी खर्ची (घरखर्चाची रक्कम) मिळते ती पण यातच कापली जाते.

आणि हा चांगल्या वर्षाचा हिशोब झाला. पाऊस कमी झाला, ऊस कमी लागला, की गाळप शंभर दिवसांतच आटोपतं. लेकरू आजारी पडलं, अवकाळीनं फडात चिखल झाला, बैल बसला, तर दिवस बुडाला. खाडा झाला तर मजुरी तर जातेच, वर मुकादम, म्हणजे उचल देऊन टोळी जमवणारा माणूस, पाचशे-हजार रुपये कापतो. एप्रिलमध्ये घरी येताना बाकी घेऊनच येतात, ती बाकी पुढच्या उचलीत धरली जाते, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावंच लागतं. दुसरा कुणी जास्त दर देतो म्हणाला तरी जाता येत नाही. १९७६ च्या वेठबिगारी बंदीच्या कायद्यात अगदी हेच लिहिलंय, की आगाऊ पैशाच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडं काम करायचं स्वातंत्र्य गेलं तर ती वेठबिगारी. पण उचलीला कुणी त्या नावानं ओळखत नाही.

तुम्ही म्हणता एवढा पैसा हातात येतो. मी डोळ्यांनी बघितलंय तो कुठं जातो ते. उचल येते पावसाळ्यात, कोयत्याला धार लावायच्या किती तरी आधी. त्यातून आधी सावकार, शेकडा तीन रुपये, पाच रुपये महिना. पाच रुपये शेकडा म्हणजे वर्षाला साठ टक्के व्याज, हे आपण बोलताना विसरतो. मग दवाखाना, मग बियाणं-खताच्या दुकानाची उधारी, मग एखाद्या घरात पोरीचं लग्न. तुम्हाला ट्रॉलीतून उतरलेला जो माणूस दिसतो त्याच्याकडचा लाख केव्हाच संपलेला असतो, त्याच्याकडं फक्त फेडायचं शिल्लक असतं. उचल ही कमाई नाही दादा, पुढचे सहा महिने अडचणीत विकलेले आहेत, आणि अडचणीत विकणाऱ्याला भाव ठरवता येत नाही हे शेतकऱ्याला मी काय सांगायचं.

मग जातातच कशाला, असं तुम्ही विचाराल. तुमच्याकडं कृष्णा आहे, वारणा आहे, कॅनॉल आहे. १९५० च्या सुमाराला प्रवरेला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला, मग पश्चिम महाराष्ट्रात एकामागून एक कारखाने झाले, जिथं पाणी तिथं ऊस आणि जिथं ऊस तिथं बँक, कॉलेज, रस्ता, दवाखाना. आमचा बीडकडचा बालाघाट डोंगराचा भाग पर्जन्यछायेचा, माळरान, मुरमाड जमीन, दोन-तीन एकरात बाजरी, कापूस, आता सोयाबीन. ते सप्टेंबर-ऑक्टोबरला निघालं की विहिरीत रब्बीपुरतं पाणी नसतं, म्हणजे पुढच्या जूनपर्यंत हाताला काम नाही. ज्यांना जमीनच नाही, दलित वस्तीतली घरं, तांड्यावरची घरं, त्यांना तर जूनपासूनच नाही. १९७२ च्या दुष्काळानं उरलंसुरलंही पार मोडून काढलं. रोजगार हमी त्याच दुष्काळातून पुढं आली, महाराष्ट्रानं १९७७ ला कायदाच केला, चांगला कायदा, मी त्या खडी फोडायच्या कामावर गेलेल्या बायांच्या पोरींना शिकवलंय. पण रोजगार हमीची मजुरी काम झाल्यावर कधी तरी येणार आणि मुकादम ऑगस्टमध्येच घरी येऊन रोख मोजणार, मग ज्याच्या घरी आज पीठ नाही तो कुणाकडं जाईल?

कारखान्याला पण असाच मजूर हवा असतो हेही बघा. तोडलेला ऊस पडून राहिला की साखर उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, घसरतो, म्हणून ऊस तोडला की लगेच गाळपाला गेला पाहिजे, म्हणून मजूर फडाजवळच पाहिजे, चोवीस तास. गावातला मजूर संध्याकाळी घरी जाणार, सणाला सुट्टी घेणार, दर परवडला नाही तर दुसरीकडं जाणार. तीनशे किलोमीटरवरून आलेला, अंगावर बाकी असलेला माणूस जाणार कुठं. आणि कारखाना म्हणतो हे आमचे कामगार नाहीत, वाहतूकदार म्हणतो मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी पण मजूरच. हजेरी नाही, पगारपत्रक नाही, पीएफ नाही. वीस वर्षं ऊस तोडल्याचा एक कागद त्या माणसाकडं नसतो.

टोळी पळाली ते चूकच आहे, त्यावर पांघरूण घालणार नाही. त्यात छोटे गाडीमालक बुडतात, काही मुकादमांनी पण जमिनी विकल्यात. पण लाखो रुपयांचा व्यवहार तोंडी किंवा कोऱ्या स्टँपवर चालतो तिथं दोन्हीकडून फसवणूक होणारच, कधी टोळी पळते, कधी मजुराला नुसतं हिशोबात गाळतात, फक्त दुसऱ्याची बातमी होत नाही.

आता दारू. आहे, नाही म्हणत नाही, थळावर (टोळीच्या मुक्कामावर) संध्याकाळी मिळते आणि त्यानं घरं मोडलेली मी बघितली आहेत, माझ्या दोन विद्यार्थ्यांचे वडील त्यातच गेले. पण एक विचार करा. त्याच कोयत्यातली बाई दारू पीत नाही. ती चारला उठते, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करते, दिवसभर मोळ्या वाहते, रात्री परत पाणी आणते. ती एक पैसा उडवत नाही, उलट हिशोब नवऱ्याच्या नावावर असल्यानं पैसा तिच्या हातातच येत नाही. कष्ट आणि काटकसर यानं गरिबी गेली असती तर ह्या बाया आज सगळ्यात श्रीमंत असत्या. त्या का नाहीत, याचं उत्तर सवयीत सापडत नाही.

तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत म्हणून एक मागते. तुमच्या गावात टोळीची कोपी (राहायची झोपडी) जिथं पडते तिथं पिण्याच्या पाण्याचा एक नळ आणि रात्री एक दिवा, एवढं ग्रामपंचायतीत लावून धरा.

प्रश्न : ताई, मी धारूर तालुक्यातली. वय ३१, तीन लेकरं आहेत. अंगावरून पांढरं जातं, कंबर भरून येते. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं गर्भाची पिशवी काढून टाक नाहीतर कॅन्सर होईल. ३५ हजार खर्च आहे, मुकादम उचलीत वाढवून देतो म्हणतोय. सासूबाई म्हणतात काढ, म्हणजे पाळीचा खाडा पण नको. काय करू?
(व्हॉइस मेसेजवरून)

अगं, आधी एकच सांगते, घाई करू नकोस आणि त्या उचलीवर अंगठा देऊ नकोस.

पांढरं जाणं बहुतेक वेळा इन्फेक्शनमुळं असतं आणि ते औषधानं बरं होतं. ऊसतोडीत ते जास्त का होतं हे तुलाही माहितीय, आंघोळीला आडोसा नाही, पाणी नाही, पाळीत कापड धुवायला आणि वाळवायला जागा नाही, दिवसभर लघवी दाबून धरायची. कंबर दुखते ती मोळीच्या ओझ्यानं. पिशवी काढली तरी मोळी तेवढीच जड राहणार. जिल्हा रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात बाईच्या डॉक्टरला दाखव, सोनोग्राफी आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घे, आणि त्यांना सरळ विचार की ऑपरेशनची गरज खरंच आहे का आणि दुसरं काय करता येईल. कधीकधी ऑपरेशन खरंच लागतं, तसं त्यांनी सांगितलं तर घाबरू नकोस. आणि पाळी नसताना रक्त जात असेल, किंवा संबंधानंतर जात असेल, तर मात्र तपासणीला आठ दिवस पण लांबवू नको.

२०१९ ला सरकारनं बीड जिल्ह्यात ८२ हजार ३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली तेव्हा त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा. त्याच्या थोडं आधीच्या राष्ट्रीय पाहणीत देशातलं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. त्या वेळी एवढा गाजावाजा झाला, विधान परिषदेत प्रश्न आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. तुला ऑपरेशन सांगणाऱ्यांना ही परवानगी विचार. विचारल्यावर ते काय बोलतात ते बघ.

आणि सासूबाईंना हा हिशोब सांग. ३५ हजार म्हणजे टनाला ३६६ रुपये दरानं तुम्हा दोघांचे ४८ दिवस, तेही रोज दोन टन पडले तर. खाडा वाचवायला ४८ दिवस आधीच देऊन बसायचे. शिवाय तिशीत पिशवी काढली, त्यात अंडाशयं पण काढली, तर हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, उभं राहून काम होत नाही, आणि मग गोळ्यांचा खर्च कायमचा मागं लागतो. माझ्या ओळखीच्या बाया चाळिशीत कोयता सोडून बसल्यात, त्यांच्या जागी पोरी गेल्या.

प्रश्न : मॅडम, मी अंबाजोगाईला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. माझ्या नोट्समध्ये दारिद्र्याची कारणे अशी आहेत : लोकसंख्यावाढ, निरक्षरता, रूढी-परंपरा, आळस व दैववाद. परिणाम : बालविवाह, कुपोषण, गुन्हेगारी. माझे आईवडील ऊसतोड करतात. उत्तरात आळस लिहावं लागेल का?

लिहू नकोस बाळा. मार्क गेला तर जाऊ दे, पण जाणार नाही, कारण त्याच्या जागी लिहायला तुझ्याकडं खूप आहे.

आपल्याकडं गरिबी मोजायचं मोठं काम पुण्यातच झालं, गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ ला. माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च करता येतो का, हे त्यांनी धरलं. नंतर तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साठी खेड्यात महिन्याला ८१६ रुपये ही रेषा निघाली, म्हणजे दिवसाला सत्तावीस रुपये, त्यावर खूप आरडाओरडा झाला. आता नीती आयोग जी बहुआयामी गरिबी मोजतो त्यात पोषण, शाळा, इंधन, पाणी, संडास, घर, बँक खातं असे १२ निकष आहेत. यातल्या कुठल्याही मोजणीत आळसाचा कॉलम नाही.

शेतीचे तुकडे हे कारण लिहिशील तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९१८ चा निबंध आठव. त्यांनी तेव्हाच मांडलं होतं की लहान जमीन हा मूळ रोग नाही, दुसरं काम नसल्यानं सगळी माणसं जमिनीवरच येऊन पडतात म्हणून ती तुकडे तुकडे होते, तेव्हा उद्योग वाढवा, जमिनीवरची माणसं कमी करा. शंभर वर्षांनी आपल्या तालुक्यात जाऊन बघ, एमआयडीसीच्या पाट्या आहेत आणि आत बाभळी आहेत.

दुसरं, कारणं आणि परिणाम असे दोन रकाने पाडूच नकोस. बालविवाह तुझ्या नोट्समध्ये परिणामात आहे. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या शंभर बायांमागं चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं, राज्याची सरासरी बावीसच्या आसपास (पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१). का करतात? पोर वयात आली की तिला गावात म्हाताऱ्यांजवळ ठेवायची भीती आणि थळावर न्यायची पण भीती. आणि एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात, त्याला उचल कमी, लग्न झालं की पूर्ण कोयता. म्हणजे गरिबीनं लग्न लावलं. पण सतराव्या वर्षी बाळंत झालेल्या पोरीचं बाळ कमी वजनाचं, तिचं रक्त कमी, शाळा सुटलेली, त्या जोडीवर नवी उचल. आता सांग हे कारण की परिणाम? सातवीतली माझी एक विद्यार्थिनी, गणितात केंद्रातल्या सगळ्या शाळांत पहिली, दिवाळीला आईवडिलांबरोबर गेली आणि अक्षय्य तृतीयेला लग्नाची पत्रिका घेऊन आली. मी त्या लग्नाला गेले नाही, पोलिसात पण गेले नाही, आणि ते मला आजही खातं.

उत्तराच्या शेवटी योजना पण लिही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ आहे, कारखान्यांनी टनामागं १० रुपये त्यात द्यायचेत. मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत मिळून ८२ संत भगवानबाबा वसतिगृहं मंजूर आहेत. तुझी धाकटी भावंडं असतील तर चौकशी समाजकल्याणच्या ऑफिसात कर, ओळखपत्रासाठी ग्रामसेवकाकडं आईवडिलांची नोंद झाली आहे का ते पण बघ.

प्रश्न : मी कराडजवळ शिक्षक आहे. शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर टोळी उतरली आहे, सहा ते चौदा वयाची पंधरा-सोळा मुलं दिसतात. दाखला नाही म्हणून नाव घालता येत नाही असं सहकारी म्हणतात. आणि फेब्रुवारी-मार्चला ती जाणारच, मग उपयोग काय?

सर, दाखल्याची अट नाहीच. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात स्पष्ट आहे, दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि उशीर झाला तरी चालतो, वयानुसार वर्गात बसवायचं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, काही मुलांकडं मूळ शाळेनं दिलेलं असेल, नसेल तर मूळ शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावा, आम्ही लोक खूश होऊन माहिती देतो.

उपयोगाचं म्हणाल तर, माझ्या वर्गात पटावर ४० आणि दिवाळीनंतर समोर बारा-तेरा अशी कितीतरी वर्षं गेली. एप्रिलमध्ये पोरं परत यायची तेव्हा ज्यांना तिकडं कुणी तरी तीन-चार महिने शाळेत बसवलं होतं ती वाचायला विसरलेली नसायची, बाकीची अक्षरांपासून सुरुवात करायची, आणि दोनदा असं झालं की तिसऱ्या वर्षी येतच नाहीत, कारण तोवर पाण्याचा हंडा आणि धाकटं भावंड सांभाळायला ती उपयोगी झालेली असतात.

एक करा, दिवसा जाऊ नका, थळावर दिवसा कुणी भेटत नाही. संध्याकाळी सातनंतर जा, आईशी बोला, धाकट्या भावंडाला पण सोबत पाठव म्हणून सांगा, नाहीतर मोठी पोरगी येणार नाही. अंगणवाडीच्या ताईंना बरोबर घेऊन गेलात तर त्याच दिवशी दोघांची सोय होते. दुपारचं जेवण शाळेत मिळतं हे मुलांच्या समोर सांगा.